परदेशातून खेळाचं साहित्य मागवताना कस्टम ड्युटी आणि कर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या खेळाडूंकडून, पालकांकडून आणि क्लबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. रॅकेट, टेबल टेनिसची रबरं, सायकलचे सुटे भाग, क्लाइंबिंगचं सामान, गोल्फ किट अशा बहुतेक वस्तूंना ही उत्तरं लागू पडतात. दर बजेटमध्ये आणि जीएसटी परिषदेच्या बैठकीत बदलतात. म्हणून ऑर्डर देण्याच्या दिवशी सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ) किंवा आइसगेटच्या (कस्टम्सचं ऑनलाइन पोर्टल) संकेतस्थळावर चालू दर एकदा पाहून घ्या.

१. एकच रॅकेट मागवतोय, स्वतःसाठी. त्यावरही ड्युटी लागते का? किती किमतीपर्यंत माफ असतं?

लागते. "पाच हजारांपर्यंत माफ" हे अजूनही सर्रास ऐकू येतं, पण ती सवलत विकत घेतलेल्या वस्तूंना कधीच नव्हती. ती भेटवस्तूंसाठी होती आणि डिसेंबर २०१९ मध्ये तीही बंद झाली (प्रश्न ९ पाहा). कुरिअरने किंवा पोस्टाने आलेली वस्तू कमी किमतीची असली आणि घरच्या वापराची असली, तरी तिच्यावर ड्युटी आकारली जाते. विमानातून सोबत आणलेल्या सामानाचे नियम वेगळे आहेत, ते प्रश्न १३ मध्ये.

२. ड्युटी म्हणजे नेमके कोणते कर? एकूण किती टक्के धरायचे?

तीन आकार एकावर एक चढतात. पहिला मूळ सीमाशुल्क, म्हणजे बेसिक कस्टम ड्युटी. दुसरा सोशल वेल्फेअर सरचार्ज. तो २०१८ पासून आहे आणि साधारणपणे मूळ शुल्काच्या १० टक्के असतो. तो वस्तूच्या किमतीवर लागत नाही, आणि काही वस्तूंना त्यातून सूटही आहे. तिसरा आयजीएसटी, म्हणजे एकात्मिक जीएसटी, जो वस्तूची किंमत आणि आधीचे दोन्ही आकार यांच्या बेरजेवर लागतो.

घरगुती वापरासाठी पोस्टाने किंवा विमानाने आलेल्या वस्तूंचं मूळ शुल्क बरीच वर्षं ३५ टक्के होतं आणि आयजीएसटी २८ टक्के. सरचार्ज धरून ते ७७.२८ टक्क्यांवर जायचं. "पार्सल दामदुप्पट पडतं" ही समजूत त्या काळातली. २०२५ च्या बजेटमध्ये मूळ दर ३५ वरून २० वर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयजीएसटी २८ ऐवजी १८ झाला, आणि २०२६-२७ च्या बजेटमध्ये मूळ दर २० वरून १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी मित्राने भरलेल्या आकड्यावरून आपला अंदाज बांधू नका.

३. हिशेब एकदा आकडे मांडून दाखवाल का?

जपानहून १८,००० रुपयांची बॅडमिंटन रॅकेट मागवली आणि कुरिअरचे २,४०० रुपये झाले असं धरू. शुल्क नुसत्या १८,००० वर लागत नाही. वस्तू, वाहतूक आणि विमा मिळून जी किंमत होते तिला असेसेबल व्हॅल्यू म्हणतात आणि शुल्क तिच्यावर लागतं. विम्याचा आकडा बिलावर नसेल तर वस्तूच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतात, म्हणजे इथे २०२.५० रुपये.

असेसेबल व्हॅल्यू: १८,००० + २,४०० + २०२.५० = २०,६०२.५०
मूळ शुल्क, १० टक्के धरून: २,०६०.२५
सरचार्ज, मूळ शुल्काच्या १० टक्के: २०६.०३
इथवरची बेरीज: २२,८६८.७८
आयजीएसटी, १८ टक्के धरून: ४,११६.३८
सरकारला जाणारी एकूण रक्कम: सुमारे ६,३८३ रुपये

म्हणजे असेसेबल व्हॅल्यूच्या ३०.९८ टक्के. सरचार्जमधून सूट असेल तर ती ओळ शून्य धरा आणि खालचे आकडे पुन्हा काढा. चालू दर वेगळे असले तर फक्त टक्के बदला. पायऱ्या आणि त्यांचा क्रम तोच राहतो.

यात दोन ठिकाणी लोक चुकतात. पहिली चूक "फ्री शिपिंग"ची. बिलावर वाहतुकीचा आकडाच नसेल तर कस्टम्सला वस्तूच्या किमतीच्या २० टक्के वाहतूक म्हणून धरता येते. वरच्या उदाहरणात ते ३,६०० रुपये होतील. विक्रेत्याला आधीच सांगा की किमतीत वाहतूक आणि विमा धरला आहे असं बिलावर स्पष्ट लिहा. दुसरी चूक विनिमय दराची. गूगलवरचा किंवा कार्डवर लागलेला दर इथे चालत नाही. कस्टम्सचा स्वतःचा अधिसूचित दर असतो आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सकडे जाणारा कागद, दाखल होतो त्या दिवशीचा दर लागतो.

४. खेळाचं साहित्य ९५०६ मध्ये येतं असं वाचलं. मग कुरिअरने ९८०४ का लावलं?

दोन्ही बरोबर आहेत. ९५०६ हे सीमाशुल्काच्या दरसूचीतलं, खेळाच्या आणि व्यायामाच्या साहित्याचं शीर्षक आहे: रॅकेट, बॉल, टेबल टेनिसचं सामान, गोल्फ क्लब, स्केट्स वगैरे. ९८०४ मात्र वस्तू कोणती यापेक्षा ती कशासाठी आणि कशी आली हे पाहतं. घरगुती वापराची आणि पोस्टाने किंवा विमानाने आलेली वस्तू सहसा तिथे टाकतात. त्यामुळे एकाच खोक्यात बूट, रॅकेट आणि टी-शर्ट असले तरी सगळ्यांना एकच दर लागतो.

घरगुती वापर मान्य झाला नाही, किंवा माल समुद्रमार्गे आला, तर प्रत्येक वस्तू आपापल्या शीर्षकात जाते. बूट ६४ व्या प्रकरणात, कपडे ६१ किंवा ६२ मध्ये, हेल्मेट ६५०६ मध्ये, पूर्ण सायकल ८७१२ मध्ये, तिचे सुटे भाग ८७१४ मध्ये, तंबू ६३०६ मध्ये. आयजीएसटीही बदलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ९५०६ मधल्या खेळाच्या साहित्यावर ५ टक्के आहे, पण ट्रेडमिलसारख्या व्यायामाच्या साधनांवर १८ टक्के. म्हणूनच मोठी ऑर्डर कधीकधी रीतसर व्यापारी आयात म्हणून आणलेली परवडते (प्रश्न १२).

५. युरोपातल्या दुकानाने किमतीत व्हॅट धरलाय. तो द्यायचा का?

माल निर्यात होत असेल तर बहुतेक देशांत विक्रेत्याला तो कर लावावा लागत नाही. ब्रिटनमध्ये व्हॅट २० टक्के आहे, जर्मनीत १९, आणि जपानचा उपभोग कर १० टक्के. चांगली दुकानं भारताचा पत्ता टाकला की किंमत आपोआप कमी करून दाखवतात. तसं झालं नाही तर पैसे भरण्याआधी मेल करून विचारा. यात दुहेरी फायदा आहे: व्हॅट वाचतोच, शिवाय ड्युटीचा पायाही खाली येतो.

प्रत्यक्ष तिथे जाऊन खरेदी करणार असाल, तर युरोपियन युनियनमध्ये पर्यटकांना परताव्याचा फॉर्म मिळतो. निघताना विमानतळावर त्यावर कस्टम्सचा शिक्का घ्या. ग्रेट ब्रिटनमध्ये ही योजना १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे.

६. कोणती कागदपत्रं लागतात? आयईसी काढावा लागेल का?

स्वतःच्या वापरासाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, लागत नाही. लागतं ते केवायसी: आधार, पॅन किंवा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, दुकानाचं बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा.

सगळ्यात जास्त पार्सलं नावामुळे अडतात. ऑर्डर "सचिन के." या नावाने, आधारवर पूर्ण नाव वडिलांच्या नावासह, आणि पत्ता भाड्याच्या फ्लॅटचा. ऑर्डर देताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षर न अक्षर लिहा. मुलासाठी मागवत असाल तरी ऑर्डर पालकाच्या नावावर ठेवा, म्हणजे केवायसी आणि पेमेंट एकाच माणसाचं राहील. पत्ता वेगळा असेल तर भाडेकरार किंवा वीजबिल हाताशी ठेवा.

७. पार्सल पुण्यात येणार आहे, मग ते मुंबईत का थांबलंय?

पुण्याला येणारी बहुतेक एक्सप्रेस कुरिअर पार्सलं मुंबईत, सहारच्या एअर कार्गो संकुलात सोडवली जातात. ड्युटी भरली की ती देशांतर्गत मालासारखी रस्त्याने पुण्यात येतात. स्वतः मुंबईला जाण्याची गरज नसते, कारण कुरिअर कंपनीच तुमच्या वतीने कागद दाखल करते.

पोस्टाने आलेल्या पार्सलाची तपासणी मुंबईच्या विदेश डाकघरात होते. ड्युटी ठरली की पार्सल पुढे येतं आणि रक्कम पोस्टमनकडे किंवा पोस्टात भरून ते ताब्यात मिळतं. पोस्टाला वेळ जास्त लागतो आणि मधल्या काळात विचारायला कोणी सापडत नाही, पण कुरिअरचे वरचे आकार वाचतात. दोन-तीन हजारांच्या ग्रिप किंवा रबरांसाठी पोस्ट बरं. टेबल टेनिसचं महाग ब्लेड किंवा सायकलची कार्बन फ्रेम असेल तर कुरिअरच घ्या.

८. कुरिअरचं बिल ड्युटीपेक्षा जास्त आलंय. जास्तीचे पैसे कशाचे?

कंपनी ड्युटी आधी स्वतः भरते आणि त्याबद्दल आगाऊ भरणा शुल्क लावते. काही कंपन्या कागदपत्रांचं शुल्कही घेतात. या सेवांवर १८ टक्के जीएसटी लागतो. हा पैसा कस्टम्सचा नाही. बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा. तीत असेसेबल व्हॅल्यू, शीर्षक आणि प्रत्येक कर वेगवेगळा दिसतो. तिच्यावरची रक्कम आणि कुरिअरच्या बिलातली रक्कम यातला फरक तो कंपनीचा आकार. पाच हजारांच्या वस्तूवर हा फरक मोठा वाटतो, म्हणून छोट्या वस्तू एकेक न मागवता एका खेपेत मागवा. मात्र प्रश्न १२ वाचून घ्या.

दुकानाने "ड्युटी आमच्याकडे" म्हणून चेकआउटलाच पैसे घेतले असतील तर ती पावती जपून ठेवा. दारात पुन्हा पैसे मागितले गेले तर तीच दाखवायची असते.

९. विक्रेता म्हणतोय की बिलावर कमी किंमत लिहितो किंवा "गिफ्ट" लिहितो. चालेल का?

नाही, आणि इथे आम्ही हातचं न राखता सांगतो. डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून पोस्टाने किंवा कुरिअरने आलेल्या मालाला सवलत नाही. अपवाद राखीचा आणि जीवरक्षक औषधांचा. भेट आणता येते, पण पूर्ण ड्युटी भरूनच. म्हणजे "गिफ्ट" लिहून एक रुपयाही वाचत नाही, उलट पार्सल तपासणीला जास्त जातं.

कमी किंमत लिहिणं त्याहून वाईट. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १११ खाली चुकीची किंमत सांगितलेला माल जप्त होऊ शकतो, कलम ११२ खाली दंड होतो, आणि माल परत हवा असेल तर कलम १२५ नुसार वर दंडाची रक्कम भरावी लागते. नामांकित कंपनीच्या रॅकेटची किंमत अधिकाऱ्याला फोनवर अर्ध्या मिनिटात सापडते. शिवाय पार्सल हरवलं तर विमा बिलावरच्या किमतीइतकाच मिळतो. आणि आयातदार म्हणून कागदावर नाव तुमचं असतं, दुकानदाराचं नव्हे.

१०. बिल खरं आहे, सेलमध्ये अर्ध्या किमतीत घेतलंय, पण कस्टम्सने किंमत वाढवली. काय करू?

मूल्यांकनाच्या २००७ च्या नियमांतला नियम १२ अधिकाऱ्याला शंका घेण्याचा अधिकार देतो, पण आधी त्याला तुमच्याकडे पुरावा मागावा लागतो. कुरिअर कंपनीमार्फत ताबडतोब पाठवा: ऑर्डरच्या खात्रीचा मेल, कार्डाच्या स्टेटमेंटमधली नेमकी ओळ आणि सेलची किंमत दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट ऑर्डरच्या दिवशीच काढून ठेवा, कारण सेल संपला की ते पान बदलतं. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात.

नाही मिटलं तर ड्युटी भरून माल सोडवा. आदेशाविरुद्ध ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे दाद मागता येते. नुसती हिशेबाची किंवा शीर्षकाची चूक असेल तर आधी बिल ऑफ एंट्रीत दुरुस्ती मागा.

११. "कस्टम्समधून बोलतोय, पार्सल अडकलंय, यूपीआय करा" असा फोन आला.

पैसे पाठवू नका. कस्टम्सचे अधिकारी फोन करून खासगी खात्यावर पैसे मागत नाहीत. ड्युटी कुरिअर कंपनीच्या अधिकृत लिंकवर किंवा सरकारी चलनाने भरली जाते. ट्रॅकिंग क्रमांक स्वतः कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा, आलेल्या लिंकवरून जाऊ नका. पत्र आलं असेल तर त्यावर डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. तो सीबीआयसीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

१२. क्लबच्या दहा जणांनी मिळून शटल आणि रॅकेट मागवली तर शिपिंग वाचेल ना?

शिपिंग वाचेल, पण "घरगुती वापर" हातचा जाण्याची शक्यता मोठी आहे. अमुक नगांपर्यंत घरगुती, असा आकडा नियमात लिहिलेला नाही. अधिकारी नग पाहून ठरवतो. एक रॅकेट आणि सहा डबे शटल समजण्यासारखे आहेत. एकाच मॉडेलच्या दहा रॅकेट किंवा वेगवेगळ्या मापांचे बुटांचे बारा जोड दिसले की तो व्यापारी माल धरला जातो आणि आयईसी मागितला जातो. तो नसेल तर पार्सल तिथेच पडून राहतं आणि साठवणुकीचं भाडं चढत जातं. बुटांच्या बाबतीत बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) गुणवत्ता आदेशाची आणखी एक अडचण उभी राहते.

रीतसर मार्ग असा: क्लबने किंवा अकादमीने पॅनवर आयईसी काढावा, तो डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालय) संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतो. कस्टम ब्रोकर, म्हणजे कस्टम्सचे कागद करून देणारा परवानाधारक, नेमावा आणि माल ९५०६ खाली आणावा. अकादमी जीएसटीत नोंदणीकृत असेल तर नियमात बसत असल्यास आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं. ब्रोकरचं शुल्क धरूनही मोठ्या खेपेला हे स्वस्त पडू शकतं.

ऑर्डर तोडून दहा वेगवेगळ्या नावांनी एकाच पत्त्यावर मागवण्याचा सल्ला काही जण देतात. तसं करू नका, ती पार्सलं एकत्र धरली जातात.

१३. भाऊ दुबईहून लोहगावला उतरतोय. त्याच्यासोबत गोल्फ किट आणलं तर?

२ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या बॅगेज नियमांनुसार विमानाने येणाऱ्या रहिवाशाला ७५,००० रुपयांपर्यंतचं सामान ड्युटीशिवाय आणता येतं. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा ५०,००० होती. किट १,२०,००० चं असेल तर शुल्क वरच्या ४५,००० वर लागतं. जुन्या नियमांच्या काळात हा दर सरचार्जसह ३८.५ टक्के होता. बॅगेजवर वेगळा आयजीएसटी नसतो.

हे ध्यानात ठेवा: नवरा-बायकोची मर्यादा एकत्र करून एकच महाग वस्तू बसवता येत नाही. सामान सोबत हवं. नंतर कार्गोने मागून पाठवलेल्या सामानाला ही माफी नाही. मर्यादेपेक्षा जास्त असेल तर रेड चॅनेलमधून, म्हणजे सामान जाहीर करण्याच्या वाटेने, जायचं आणि बिल दाखवायचं. ग्रीन चॅनेलमध्ये पकडलं गेलं तर शुल्काबरोबर दंडही येतो. बिल जवळ नसेल तर अधिकारी इंटरनेटवरची किंमत धरतात, म्हणून भावाला छापील बिल बॅगेत ठेवायला सांगा. खोकं फेकून दिलं तरी चालेल, बिल फेकू नका.

१४. माझी सायकल शर्यतीसाठी परदेशी नेतोय. परत आणताना ड्युटी मागतील का?

ती इथूनच गेली होती हे दाखवता आलं तर नाही. जाताना विमानतळावर कस्टम्सच्या काउंटरवरून निर्यात प्रमाणपत्र घ्या. त्यात वस्तूचं वर्णन आणि फ्रेमचा क्रमांक लिहितात. फ्रेम क्रमांक बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या खाली कोरलेला असतो. सायकल खोक्यात भरण्याआधी त्याचा फोटो काढा, नाहीतर काउंटरवर सगळं पॅकिंग सोडावं लागतं. महाग चाकं वेगळी नेत असाल तर त्यांचेही क्रमांक लिहून घ्या. चेक-इन करून सामान आत गेल्यावर हे प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून तासभर आधी पोचा.

१५. परदेशी वेबसाइटवर वापरलेली रॅकेट किंवा फ्रेम स्वस्तात मिळतेय. मागवू का?

मागवण्याआधी दोनदा विचार करा. आयात धोरणात यंत्रसामग्री सोडून इतर जुन्या वस्तू निर्बंधित आहेत, म्हणजे परवानगीशिवाय आणता येत नाहीत. बिलावर "यूज्ड" हा एक शब्द दिसला तरी पार्सल अडकू शकतं. दंड आणि भाडं धरून ती फ्रेम नव्यापेक्षा महाग पडते. प्रवाशाने स्वतः वापरलेलं आणि सोबत आणलेलं सामान वेगळं, त्याला प्रश्न १३ चे नियम.

१६. जीपीएस, पॉवर मीटर, स्मार्ट ट्रेनर यांना काही वेगळं लागतं का?

ब्लूटूथ किंवा वायफाय असलेल्या मॉडेलला भारतात डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाचा वायरलेस कक्ष) ईटीए, म्हणजे उपकरण मान्यता, लागते. भारतात अधिकृत विक्री असलेल्या कंपनीच्या मॉडेलना ती सहसा असते. मागवण्याआधी नेमक्या मॉडेल क्रमांकाची ईटीए कंपनीकडून मागून घ्या. लिथियम बॅटरी सुटी मागवू नका, उपकरणाच्या आत बसवलेली असली तर कुरिअर सहज घेतं.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी हे नीट वाचा: उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं भारतात परवानगीशिवाय आणणं आणि जवळ बाळगणं गुन्हा आहे. परदेशात ती ट्रेकिंगच्या दुकानात उघड मिळतात, म्हणून लोक निर्धास्तपणे घेऊन येतात आणि विमानतळावर अटकेपर्यंत वेळ येते. फक्त जीपीएस ऐकणारं घड्याळ वेगळं, संदेश पाठवणारं यंत्र वेगळं. ड्रोनही आणता येत नाही. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांपुरतीच खुली आहे.

१७. मुलगी बालेवाडीला नेमबाजी करते. एअर रायफल ऑनलाइन मागवता येईल का?

साध्या कुरिअर ऑर्डरने नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमीपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर गनला बाळगण्याचा परवाना लागत नाही. त्यावरून लोक समजतात की आयातही खुली आहे. बाळगणं आणि आयात करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयात निर्बंधित आहे. नामांकित नेमबाजांना राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीने आणता येते, बाकीच्यांनी भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावी. जॅकेट, ग्लोव्ह, चष्म्याची फ्रेम या शस्त्र नसलेल्या वस्तू मात्र नेहमीसारख्या मागवता येतात.

तलवारबाजी आणि तिरंदाजीचं तसं नाही. खेळाच्या तलवारी, धनुष्य आणि बाण शस्त्रांच्या ९३ व्या प्रकरणातून मुद्दाम वगळून ९५ मध्ये ठेवले आहेत. अडचण होते ती बिलावरच्या शब्दाने. विक्रेत्याने नुसतं "तलवार" लिहिलं की पार्सल बाजूला काढलं जातं. "खेळासाठीची फेन्सिंग फॉइल, बोथट टोक" असं पूर्ण वर्णन आणि ९५०६ हा क्रमांक बिलावर घालून घ्या.

१८. चुकीचं किंवा तुटलेलं साहित्य आलं. भरलेली ड्युटी परत मिळते का?

मिळू शकते, पण घड्याळ लगेच सुरू होतं. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २६ए नुसार माल सदोष असेल किंवा ठरल्याप्रमाणे नसेल, तर कस्टम्सने सोडल्यापासून ३० दिवसांत तो परत निर्यात करायचा किंवा रीतसर सोडून द्यायचा आणि सहा महिन्यांत परताव्याचा अर्ज करायचा. दोष समजण्यापुरता सोडून तो वापरलेला चालत नाही. म्हणून रॅकेट हातात आल्यावर लगेच गटिंग करू नका, म्हणजे तार भरून घेऊ नका. आधी फ्रेमवर उजेड धरून तडे पाहा, वजन आणि ग्रिपचं माप बिलाशी ताडा. खोकं उघडताना एकसलग व्हिडिओ काढा, त्यात पार्सलवरचं लेबल दिसू द्या.

परत पाठवताना साध्या पोस्टाने "रिटर्न" लिहून पाठवलं तर परतावा गेलाच म्हणून समजा. मूळ बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक घालून रीतसर शिपिंग बिल (निर्यातीचा कागद) दाखल व्हायला हवं आणि तोच माल परत जातोय हे कस्टम्सला पटायला हवं. वस्तू पाच-सहा हजारांची असेल तर परतीचं कुरिअर ड्युटीपेक्षा जास्त होतं. तेव्हा विक्रेत्याकडून अर्धवट परतफेड घेऊन विषय मिटवणं शहाणपणाचं.

१९. वॉरंटीत दुरुस्तीला पाठवलं आणि परत आलं. पुन्हा ड्युटी?

पूर्ण किमतीवर नाही. दुरुस्त होऊन परत आलेल्या मालावर दुरुस्तीचा खर्च आणि जाण्या-येण्याची वाहतूक व विमा एवढ्यावरच शुल्क लागतं. अटी अशा: वस्तू तीच हवी, मालक तोच हवा, आणि ती तीन वर्षांच्या आत परत यायला हवी. पाठवतानाच निर्यातीच्या कागदात "दुरुस्तीसाठी" आणि अनुक्रमांक लिहिलेला असला पाहिजे.

कंपनीने तीच वस्तू दुरुस्त न करता नवी फुकट पाठवली तर हा नियम लागू होत नाही. ती नवी आयात आहे आणि तिच्या खऱ्या किमतीवर ड्युटी लागते. शून्य किमतीचं बिल पाठवू नका असं कंपनीला सांगा. कस्टम्स शून्य मानत नाही आणि किंमत ठरवण्यात आठवडे जातात.

२०. ट्रेडमिल किंवा पूर्ण जिम सेट जहाजाने आणला तर स्वस्त पडेल?

वाहतूक स्वस्त पडते, पण समुद्रमार्गे आलेल्या मालाला ९८०४ चा दर मिळत नाही. ब्रोकर, बंदराचे आकार, कंटेनर सोडवणं आणि पुण्यापर्यंतचा ट्रक हे सगळं वेगळं. एका घरापुरत्या मशीनसाठी हा खटाटोप आम्ही सुचवत नाही.

२१. राज्य पातळीवर खेळणाऱ्याला ड्युटीतून सूट असते का?

साधारणपणे नाही. सूट आहे ती राष्ट्रीय क्रीडा महासंघांना आणि असाधारण दर्जाच्या खेळाडूंना, प्रशिक्षणाच्या साहित्यासाठी, आणि तीही भारतीय क्रीडा प्राधिकरणासारख्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर. प्रमाणपत्र माल येण्याआधी हातात हवं. ड्युटी भरून झाल्यावर प्रमाणपत्र आणलं तर परताव्याचा लांबचा रस्ता धरावा लागतो. राष्ट्रीय संघात निवड झाली असेल तर आधी आपल्या महासंघाकडेच चौकशी करा. बरेचदा महासंघ स्वतःच्या नावावर माल आणतो.

२२. ड्युटी फार सांगितली. पार्सल नाकारलं तर पैसे बुडतील का?

वस्तूचे पैसे विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून. अनेक दुकानं परतीचं भाडं कापून बाकीचे देतात, काही काहीच देत नाहीत. नाकारायचं असेल तर कुरिअर कंपनीला लेखी कळवा आणि परत पाठवायला सांगा. नुसते फोन उचलायचं थांबवलं तर साठवणुकीचं भाडं तुमच्या नावावर चढत राहतं. ३० दिवसांत न सोडवलेला माल नोटीस देऊन विकता येतो. त्याआधी प्रश्न ३ चा हिशेब करून बिल ऑफ एंट्रीशी ताडून पाहा. आकडा चुकलेला असेल तर प्रश्न १० चा मार्ग आधी वापरा.